अंगठ्याचे ३० टक्के, डोक्याचे किती?

कामगाराच्या शरीराचा भाव या देशात कधीचाच ठरलाय. १९२३ साली इंग्रज सरकारनं कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. त्याला एक यादी जोडली होती. कारखान्यात अंगठा गेला, ३० टक्के. अंगठ्याशेजारचं अख्खं बोट गेलं, १४ टक्के. दोन्ही हात गेले, १०० टक्के. मटणाच्या दुकानात भावाची पाटी लावतात ना, तशी. इंग्रज गेला, पाटी राहिली. टक्के थोडे इकडचे तिकडं झाले, एवढंच.

एका वकील दोस्ताच्या टेबलावर बसून मी ती यादी वाचली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. हात आहेत, पाय आहेत, डोळे आहेत, कान आहेत. चेहरा फार विद्रूप झाला तर त्याचेसुद्धा टक्के आहेत. मेंदू कुठंच नाही. डोक्याला मार लागून माणसाची समज गेली, आठवण गेली, तर ते यादीबाहेरचं दुखणं. मग डॉक्टर ठरवणार, याची कमाईची ताकद किती गेली ते. आणि मालकाचा वकील विचारणार, हात शाबूत आहेत, पाय शाबूत आहेत, चालत कोर्टात आलाय, मग गेलं काय?

टाइप करताना राहून गेलं असेल असं म्हणायला जागा नाही. जातीनं कामाची वाटणी केली नाही, काम करणाऱ्यांची वाटणी केली, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावून ठेवलंय. त्या वाटणीत डोकं एका बाजूला आणि हातपाय दुसऱ्या बाजूला. ज्याला पिढ्यानपिढ्या हातपाय म्हणूनच मोजलं, त्याचं डोकं फुटलं काय आन् शाबूत राहिलं काय, वहीत नोंद कशाला होईल? एकलव्याचासुद्धा अंगठाच मागितला. त्याला डोकं असेल हे द्रोणाच्या डोक्यात आलंच नसणार.

माझं म्हणणं एवढंच आहे दोस्तहो, की आपल्या माणसांचे मेंदू रोज जखमी होतायत आणि ती जखम कुणी जखम म्हणून लिहीत नाही. लिहीत नाही म्हणून भरपाई नाही, उपचार नाही, आणि पुनर्वसनाचं तर नावच नको. पुनर्वसन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? धरण आठवतं, नाहीतर झोपडपट्टी आठवते. घर गेलं की पुनर्वसन मागायचं हे आपण लढून शिकलो. डोक्यातलं घर उद्ध्वस्त झालं की तिथंही पुनर्वसन असतं, ते करण्याचं शास्त्र शंभर वर्षांपूर्वी तयार झालंय, आणि तोही आपला हक्क आहे, हे अजून आपल्या एकाही मोर्च्याच्या फलकावर मी वाचलेलं नाही.

आधी डोक्याला मार लागतो म्हंजे नेमकं काय होतं ते समजून घेऊ. न समजलेल्या गोष्टीसाठी भांडता येत नाही.

मेंदू कवटीत सिमेंट ओतल्यासारखा घट्ट बसवलेला नसतो. आतल्या पाण्यात तो तरंगत असतो. डोकं जोरात आपटलं की तो आतल्या आत पुढंमागं हलतो, पिळवटतो. कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग कवटीच्या खडबडीत हाडावर घासतो. मेंदूचा एक भाग दुसऱ्या भागाशी ज्या बारीक तंतूंतून बोलतो, ते ताणले जातात, तुटतात. रक्त साचलं तर ते स्कॅनमध्ये दिसतं. तंतू तुटलेले पुष्कळदा दिसतही नाहीत. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल' आणि माणूस मात्र पहिल्यासारखा नाही, असं होऊ शकतं.

कपाळामागचा भाग बेत आखतो, कामाला सुरुवात करून देतो, रागाला लगाम घालतो, कुठं थांबायचं ते सांगतो. कानशिलाजवळच्या भागात नवी आठवण पक्की होते. हे दोन भाग दुखावले की माणूस कसा होतो? चाळीस वर्षांपूर्वीच्या मास्तराचं नाव सांगतो, पण सकाळची गोळी घेतली का ते सांगता येत नाही. दोन माणसं एकदम बोलायला लागली की त्याचा गोंधळ उडतो. काम येतं, पण सुरू कुठून करायचं ते सुचत नाही. क्षणात भडकतो, क्षणात रडतो. तासाभराच्या कामानं दिवसभराचा थकवा येतो. आणि सगळ्यांत वाईट म्हंजे, पुष्कळांना आपलं काही बिघडलंय हेच कळत नाही. कळून घेणारा अवयवच जखमी झालेला असतो.

आपल्या भाषेनंसुद्धा त्याचा न्याय करून टाकलेला आहे. 'डोक्यावर परिणाम झालाय' असं आपण म्हणतो तेव्हा ती शिवी असते. खरं म्हंजे ते निदान आहे.

आमच्या चाळीत एक रंगारी आहे. मी त्याला दादा म्हणतो. बांबूच्या परांचीवरून दुसऱ्या मजल्यावरनं खाली आला. पट्टा नव्हता, जाळी नव्हती, ठेकेदाराकडं त्याचं नाव लिहिलेला कागदही नव्हता. ऑपरेशन झालं, ते योजनेच्या कार्डावर झालं. डॉक्टर पोरगा चांगला होता, त्यानं जीव वाचवला. १९ दिवसांनी डिस्चार्ज कार्ड हातात दिलं. त्यावर टाके कधी काढायचे ते होतं, फिट येऊ नये म्हणून गोळ्या होत्या. 'चालतो, बोलतो, जेवतो' असं होतं. या माणसाची आठवण कशी आहे, लक्ष किती टिकतं, तो कामावर कधी आणि कसा जाईल, यावर एक ओळ नव्हती.

घरी आल्यावर सगळं उलगडलं. गॅस पेटवून तो विसरायचा. दूध आणायला जायचा आणि नाक्यावर नुसता उभा राहायचा. तीन रंग मिसळून चौथा काढणारा हा माणूस, आता डबा उघडून त्याच्याकडं बघत बसायचा. ठेकेदारानं मेहेरबानी म्हणून तीन दिवस कामावर घेतला आणि चौथ्या दिवशी 'कामचोर' म्हणून हाकलला. चाळीनं ठरवलं, प्यायला लागला. सासरकडच्यांनी ठरवलं, बाहेरचं काहीतरी लागलंय, आणि देवऋष्याला हजार रुपये दिले. वहिनी तीन घरची धुणीभांडी करून येते आणि आल्यावर त्याला विचारते, 'जेवलात का?' तो म्हणतो, 'जेवलो.' डबा तसाच असतो. खोटं बोलत नाही तो. त्याला खरंच वाटतं, जेवलोय.

आता ही दादाची एकट्याची कहाणी असती तर मी इथं लिहिली नसती. हे दुखणं आणि त्यावरचा इलाज, दोन्ही जगाला जुने माहीत आहेत. कामगारामुळंच माहीत झालेत.

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये रेल्वेचा रस्ता काढण्यासाठी सुरुंग लावायचं काम चाललं होतं. फिनियस गेज नावाचा २५ वर्षांचा मुकादम. दारू ठासायची साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार स्फोटानं उडाली आणि गालाखालून शिरून कवटीच्या वरनं बाहेर पडली. माणूस जगला. चालला, बोलला. पण त्याच्या डॉक्टरनं, जॉन हार्लोनं, लिहून ठेवलं की हा आता पूर्वीचा राहिला नाही, लहरी आणि शिवराळ झालाय, एका बेतावर टिकत नाही. कंपनीनं त्याला जुन्या जागेवर परत घेतलं नाही. गेजची गोष्ट जगभर शिकवतात ती इथपर्यंत. पुढची सहसा सांगत नाहीत. हाच गेज पुढं चिलीला गेला आणि तिथं काही वर्षं घोड्यांची डाकगाडी हाकत होता. रोज ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेली घोडी. ते ठरलेपणच त्याच्या जखमी डोक्याला आधार झालं असावं, असं आज अभ्यासक म्हणतात. १८६० साली फिट येऊन तो वारला. त्याची कवटी आणि ती पहार हार्वर्डच्या संग्रहालयात काचेआड जपून ठेवलीय. मुकादमाच्या नोकरीपेक्षा त्याच्या कवटीची काळजी जास्त घेतली गेली.

पहिलं महायुद्ध झालं. डोक्यात गोळ्या घेऊन हजारो शिपाई परत आले. जर्मनीत फ्रँकफुर्टला कुर्ट गोल्डस्टाइन या डॉक्टरनं त्यांच्यासाठी संस्था उभी केली. नुसते कागदावरचे प्रश्न विचारून भागत नाही, माणूस काम करताना कुठं अडतो ते बघायचं, अशी त्याची रीत. गोल्डस्टाइन ज्यू होता. १९३३ साली नाझींनी त्याला पकडलं आणि देश सोडायला लावला. जातीचा आणि वंशाचा माज चढलेली सत्ता आपल्याच जखमी शिपायांचा डॉक्टरसुद्धा हाकलून देते.

दुसरं महायुद्ध. सोव्हिएत रशियात उरल पर्वताच्या भागात अलेक्झांडर लुरिया यानं मेंदूला मार लागलेल्या सैनिकांसाठी इस्पितळ चालवलं. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या लढाईत डोक्यात गोळी लागलेला झासेत्स्की नावाचा एक तरुण त्याच्याकडं आला. वाचता येईना, शब्द सापडेनात, स्वतःचं अंग कुठं आहे ते कळेना. एक एक अक्षर आठवून लिहायला गेला की हात अडायचा. हात न उचलता सलग लिही, असं सांगितल्यावर हात आपोआप चालला. डोक्यानं विसरलेलं हाताला आठवत होतं. लिहिलेलं त्याला स्वतःला धड वाचता यायचं नाही. तरी तो पंचवीस वर्षं लिहीत राहिला, सुमारे ३००० पानं. लुरियानं त्यावर १९७१ साली पुस्तक काढलं. जे गेलं ते जसंच्या तसं परत येत नाही, पण जे उरलंय त्याच्या वाटेनं काम करून घेता येतं, हे लुरियाच्या कामाचं मर्म.

या तिन्ही गोष्टींतून मला जे दिसतं ते सांगतो. शास्त्र आहे, पण ते फुललं कुठं? शिपायांच्या वॉर्डात. सत्तेला शिपाई हवा होता, म्हणून त्याचा मेंदू मोजला. परांचीवरून पडणारा, मोटारसायकलवरून उडणारा, गटारातून अर्धमेला बाहेर काढलेला, असा माणूस कुणाला हवाय? त्याच्या जागी नाक्यावर दुसरा उभाच असतो.

आकडे बघा. २०२२ साली भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली, असं खुद्द केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. मेलेल्यांत सगळ्यांत जास्त दुचाकीवरचे. आता घरोघर जेवण पोचवणारी आपली पोरं, एका ऑर्डरमागं काही रुपयांसाठी सिग्नल तोडणारी, दिवसभर दुचाकीवरच असतात. मेलेल्यांची मोजणी होते. जखमींची एक मोजणी होते. त्या जखमींपैकी किती जणांचं डोकं पुन्हा कामाचं राहिलं नाही, हा रकाना त्या अहवालात नाही. मुंबईच्या लोकलखाली आणि लोकलमधून पडून वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं रुळावर पडली, तेव्हा चार दिवस बातम्या चालल्या. पडून वाचलेल्यांचं सहा महिन्यांनी काय झालं, हे कुणी विचारायला गेलं का?

आणि गटार. तिथं मार लाठीचा नसतो, हवेचा असतो. मैल्यात तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू माणसाला काही श्वासांत आडवा करतो. मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नाही की आठवण पक्की करणारा भाग आधी मरायला लागतो. वर ओढून काढलेला प्रत्येक माणूस 'वाचला' असं आपण म्हणतो. किती वाचला, ते कोण तपासतं? हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, गटारात मेला तर ३० लाख, कायमचं अपंगत्व येऊन पोटापाण्याचं साधन गेलं तर किमान २० लाख, इतर अपंगत्वाला किमान १० लाख. निकाल चांगला आहे. पण जो बाहेर आला, चालत घरी गेला आणि महिन्याभरात पोराचं नाव विसरला, त्याचं अपंगत्व सिद्ध कोण करणार? कोणत्या कागदावर?

गावाकडं या. वरातीत घोड्यावर बसला, विहिरीवर गेला, निळा झेंडा लावला, म्हणून डोक्यात काठी आणि कुऱ्हाड घातलेले आपले भाऊ. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांत २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यात १०० टक्के अपंगत्वाला ८ लाख २५ हजार, ५० टक्क्यांवर असेल तर साडेचार लाख, ५० च्या खाली अडीच लाख, असं ठरवलं. इथंसुद्धा टक्काच. पाय मोडला तर टक्का काढता येतो. डोकं फुटलं, जखम भरली, केस उगवले, की टक्का शून्यावर येतो. मारणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक झालंय की काय, कोण जाणे.

टक्का कसा काढतात तेही बघा. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता २१ आहेत. त्या २१ मध्ये 'मेंदूला मार' हे नाव नाही. मग आपल्या माणसाला दुसऱ्याच्या खणात कोंबायचं. मतिमंदत्वाच्या खणात बसतो का बघा, मनोविकाराच्या खणात बसतो का बघा. बुद्धिमापनाच्या चाचणीत तो बरा निघतो, कारण जुनं शिकलेलं शाबूत असतं. म्हंजे तोही खण बंद. ४० टक्के भरले नाहीत तर सवलत नाही. चौकोनी भोकात गोल खुंटी ठोकायची आणि बसली नाही की खुंटीला खोटी म्हणायचं.

चाचण्यांचं आणखी एक आहे. १९७५ सालापासून जगभर एक छोटी चाचणी वापरतात. शंभरातून सात वजा करत जा, वाक्य लिहून दाखव, आकृती काढ. जो चौथीत शाळा सोडून वीटभट्टीवर गेला, त्याला हे अपघाताआधी तरी आलं असतं का? म्हंजे शाळा न दिल्याबद्दल एकदा शिक्षा, आणि आता रोगाच्या निदानात दुसरी. उलटंही होतं. आठवडाभराची हजेरी, उचल, कापणी तोंडी जुळवणारी बाई डोक्याला मार लागल्यावर तो हिशेब विसरते. डॉक्टर म्हणतो, अडाणीच आहे. नाही डॉक्टरसाहेब, कालपर्यंत ती मुकादमाची चोरी पकडत होती! बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २००४ साली भारतीयांसाठी चाचण्यांचा संच काढला, त्यात निरक्षर माणसांसाठीही वेगळी मापं ठेवली. म्हंजे करता येतं. फक्त जिल्ह्याच्या इस्पितळापर्यंत आणायची इच्छा पाहिजे.

१९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी बेशुद्धी मोजायची पट्टी काढली. डोळे उघडतो का, बोलतो का, हात हलवतो का. ३ ते १५ गुण. १३ किंवा त्याहून जास्त असले की मार 'सौम्य'. केसपेपरवर 'माइल्ड' लिहितात. ही पट्टी जीव वाचवायला फार कामाची आहे. पण 'सौम्य' हा त्या दिवसाचा शब्द आहे, पुढच्या आयुष्याचा नाही. बहुतेक जण त्यातून बरे होतात. काहींची डोकेदुखी, विसर, चिडचिड महिनोन्‌महिने चालते, आणि 'माइल्ड' हा कागदावरचा शब्द त्यांना फितूर ठरतो.

आता इलाजाकडं. पुनर्वसन म्हंजे कुठलं चमत्कारी यंत्र नव्हे. पहिले सहा महिने सुधारणा सगळ्यांत जोरात होते, नंतर हळू, पण वर्षानुवर्षं होत राहते. म्हणून 'आता काही होणार नाही' हे वाक्य सहाव्या महिन्याला ऐकून घ्यायचं नाही. तंत्र साधं आहे. दिवसाचा क्रम पक्का करायचा, रोज तोच. एका वेळी एकच काम, त्याचे तुकडे पाडायचे आणि भिंतीवर चिकटवायचे. अक्षर येत नसेल तर चित्रं काढायची. आठवणीचं ओझं डोक्यावरून वहीवर आणि मोबाइलच्या गजरावर टाकायचं. नवीन शिकवताना 'ओळख बघू' म्हणून चाचपडायला लावायचं नाही. जखमी डोक्यात चुकलेलंच पक्कं बसतं, म्हणून आधीच बरोबर सांगून करून घ्यायचं. रेडिओ, टीव्ही, गर्दी कमी. राग आला की वाद नाही, जागा बदलायची. दारू पूर्ण बंद, कारण जखमी मेंदूला फिट यायला ती मदत करते. फिटच्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. कामावर एकदम पाठवायचं नाही, आधी दोन तास, मग चार.

वहिनीनं यातलं निम्मं कुणी न शिकवता शोधून काढलं. दादाच्या खिशात छोटी वही असते. गॅसजवळ लाल कापड टांगलंय. दादा आता गॅस बंद करतो. एका रंगाचं काम, एका भिंतीचं, सोबत कुणी असलं तर नीट करतो. गेजची ठरलेली घोडी आणि दादाची ठरलेली भिंत, मला एकच गोष्ट वाटते. पण वहिनीनं दोन घरची कामं सोडली. त्या पगाराचं काय? वाणीसुधार, मानसशास्त्राच्या चाचण्या, कामाचं प्रशिक्षण, हे सगळं ज्याच्याकडं पैसा आहे त्याला खासगीत तासावर मिळतं. आपल्या घरात ते सगळं एक बाई करते. रात्री, फुकट, भांडी घासून झाल्यावर. तिला कुणी थेरपिस्ट म्हणत नाही. नवरा ठिकाणावर नाही म्हणून लोक तिच्याकडं वाकडं बघतात, ते वेगळंच.

न्यायालयात थोड्या फटी पडल्यात, त्या आपण ओळखायला पाहिजेत. २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं मोटार अपघाताच्या एका खटल्यात म्हटलं की अपंगत्वाचा टक्का आणि कमाईच्या नुकसानीचा टक्का एकच नसतो. तो माणूस काय काम करत होता आणि आता ते करू शकतो का, हे बघा. म्हंजे रंगाऱ्याचं डोकं रंगाऱ्याच्या कामानं मोजा. २०२० साली डोक्याला जबर मार लागलेल्या एका मुलीच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांभाळणाऱ्यांचा खर्च आयुष्यभराच्या हिशेबानं धरला. म्हंजे वहिनीच्या रात्रींनाही भाव आहे. पण हे मागणारा वकील पाहिजे, आणि मागायला लावणारी आपण पोरं पाहिजेत.

म्हणून आपल्या मागण्या अशा.

एक. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या परिशिष्टात केंद्र सरकारला नवा प्रकार अधिसूचनेनं घालता येतो. नवा कायदा नको, संसद नको. मेंदूला मार लागून आलेलं अपंगत्व तिथं स्वतःच्या नावानं घाला.

दोन. डोक्याला मार लागलेल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर आठवण, लक्ष आणि वागणूक यांची नोंद करा, आणि तिसऱ्या व सहाव्या महिन्याला फेरतपासणी बंधनकारक करा. गटारातून बाहेर काढलेल्यालाही तोच नियम.

तीन. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे. गडचिरोलीच्या, परभणीच्या माणसानं हाजीअलीपर्यंत यायचं कसं? प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मेंदूच्या पुनर्वसनाचा कक्ष पाहिजे, मराठीत, आणि निरक्षर माणसाला न लाजवणाऱ्या चाचण्यांसकट.

चार. अत्याचारात डोक्याला मार लागला असेल तर टक्का ठरवताना फक्त हाडं बघू नका. मानसशास्त्रज्ञाची तपासणी सक्तीची करा.

पाच. घरी सांभाळणाऱ्या बाईला भत्ता द्या.

मागण्या लिहिल्या म्हंजे काम संपलं असं नाही. सरकारला जाग येईल तेव्हा येईल. तोवर प्रत्येक शाखेनं आपापल्या वस्तीत फिरायचं. 'अपघातानंतर बदलला', 'पडल्यापासून चिडतो', 'गटारातनं काढल्यापासून विसरतो', अशी माणसं किती, ते वहीत लिहायचं. त्यांना वेडा, बेवडा, कामचोर म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवायचं. सगळे केसपेपर, स्कॅन, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत ठेवायला सांगायचं, कारण ज्याची आठवण गेलीय त्याची आठवण म्हंजे ती पिशवी. अपघाताआधी तो काय काम करत होता, किती कमवत होता, हे सांगणारे दोन साक्षीदार आत्ताच शोधायचे. बांधकामावरचा असेल तर ९० दिवस काम केल्याचा कागद ठेकेदाराच्या नरड्यावर बसून घ्यायचा. आणि तपासणीला त्याला एकट्याला पाठवायचं नाही. तो डॉक्टरला सांगेल, 'मला काही झालं नाही', आणि डॉक्टर तेच लिहील. सोबत आपल्यातलं कुणीतरी पाहिजे, घरात काय काय होतं ते सांगणारं.

आमच्या वॉर्डात आम्ही सुरुवात केलीय. तीन गल्ल्यांत सात नावं झालीत. पाच पुरुष, एक बाई, आणि एक सोळा वर्षांचा पोरगा, जो दहावीत नापास झाला म्हणून मार खातोय. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात तो टेम्पोवरून पडला होता, हे विचारल्यावर कळलं. आजवर शाळेत कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या गल्लीतली नावं कळवा.